पिकाचें माप : नजरेपासून यंत्रापर्यंत



विमा म्हणजे एक वचन. हप्ता घेतांना तें दिलें जातें आणि दावा दाखल होतो तेव्हां तें पाळावयाचें असतें. विम्याच्या धंद्यांतील सारें कौशल्य, सारी कटकट आणि सारी नीतिमत्ता या दुसऱ्या क्षणांत सांठलेली आहे. नुकसान झालें कीं नाहीं, झालें तर किती, आणि तें ठरवावयाचें कोणीं, या तीन प्रश्नांसाठींच या धंद्यांत कारकून, तपासनीस आणि पाहणीदार यांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. आज त्या वर्गाच्या शेजारीं एक नवा सहकारी येऊन बसला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. जानेवारी २०१७ मध्यें जपानांतील फुकोकु नांवाच्या आयुर्विमा कंपनीनें डॉक्टरांचे दाखले, रुग्णालयांतील मुक्काम आणि शस्त्रक्रियांच्या नोंदी वाचून दाव्याची रक्कम काढण्याचें काम यंत्राकडे सोंपविलें, आणि त्या खात्यांतील ३४ जागा कमी केल्या. अखेरचा होकार तेवढा माणसाच्या हातीं ठेवला. ती बातमी त्या वेळीं जगभर गाजली.

परंतु आज मला जपानांत रेंगाळावयाचें नाहीं. आपल्या घरच्या धान्याशीं ज्याचा संबंध आहे अशा एका दाव्याविषयीं मला बोलावयाचें आहे. तो दावा पीकविम्याचा. इतर विम्यांत यंत्र कागद वाचतें. येथें तें शेत वाचतें. आणि शेत वाचण्याचें हें काम आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ कोणी, कशानें आणि किती प्रामाणिकपणें केलें, हें पाहिल्यावांचून नव्या यंत्राची योग्यता ठरवितां यावयाची नाहीं. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला मनुष्य नाहीं. माझें आयुष्य खेड्यांतील शाळेंत, फळा आणि खडू यांच्या संगतींत गेलें. यंत्राच्या पोटांत शिरण्याचा अधिकार मी सांगत नाहीं. पण मापाची कथा सांगण्यापुरता मला थोडाफार अनुभव आहे.

उभें पीक मोजण्याचें आपल्याकडील जुनें साधन म्हणजे नजर. इंग्रजी अमलांत सरकारी कागदांत तिला आणेवारी हें नांव मिळालें. यंदाचें पीक रुपयांतील सोळा आण्यांशीं ताडून किती आणे आलें, हें गांवचे कामगार आणि महसूल खात्याचे अधिकारी बांधावरून पाहून ठरवीत. जाणत्या पाटलाची नजर ही काय वस्तु होती, हें मीं लहानपणीं वृद्धांच्या तोंडून ऐकलें आहे. तो शेतांत शिरे, ताटांची दाटी पाही, एखादें कणीस तळहातावर चोळून दाणा दातांखालीं फोडी, मागच्या पांच-सात वर्षांचीं पिकें मनांत आठवी, आणि मग एवढेंच म्हणे, "आठ आणे." त्या दोन शब्दांत आयुष्यभराचें कौशल्य असे. पण त्या कौशल्यांत एक उणीव होती. त्याला साक्ष नव्हती. पाटील आठ आणे म्हणाला आणि मामलेदार दहा म्हणाला, तर खरा कोण, हें दाखविणारें तिसरें कांहीं नव्हतें.

या उणिवेचें मोल मुंबई इलाख्यानें १९१८ सालीं पाहिलें. खेडा जिल्ह्यांत पावसानें पिकांची नासाडी केली होती. पीक चार आण्यांवर गेलें नाहीं, तर त्या वर्षींचा सारा तहकूब व्हावा असा महसुलाचा नियम होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आंत आहे. सरकारी अधिकारी म्हणत, तें चार आण्यांहून अधिक आहे. ठक्करबाप्पांनीं चौकशी केली, गांधीजी स्वतः गांवोगांव हिंडले, वल्लभभाई पटेल भरभराटीची वकिली सोडून त्या कामांत उतरले. परंतु ज्याला सारा घ्यावयाचा त्याच्याच नजरेचा आंकडा कागदावर कायम राहिला. अखेर २२ मार्च रोजीं नडियादला सत्याग्रह पुकारावा लागला, आणि तो जूनपर्यंत चालला. इतिहासाच्या पुस्तकांत आपण हा लढा सारावसुलीचा म्हणून शिकवितों, आणि तें योग्यच आहे. मला मात्र तो मापाचाही लढा वाटतो. एका आण्याच्या अंदाजासाठीं लोकांनीं जप्त्या सोसल्या.

नजरेच्या जागीं तराजू आणण्याचें काम पुढें संख्याशास्त्रानें केलें. बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९३७ पासून तागाच्या पिकाची नमुना-पाहणी आरंभिली. साऱ्या रानाची मोजणी करणें अशक्य; म्हणून चिठ्ठी टाकावी तशा रीतीनें कांहीं तुकडे निवडावे, तेवढे काटेकोर मोजावे, आणि त्यांवरून सर्वांचा अंदाज बांधावा, ही त्यामागील कल्पना. अन्नधान्याच्या पिकांसाठीं आणि कापसासाठीं ती देशभर चालेल अशा रीतीनें बसविण्याचें श्रेय ज्या दोघां संशोधकांकडे जातें ते दोघेही आपले. एक सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि दुसरे विनायक गोविंद पानसे. त्यांच्या पद्धतीस पीक-कापणी प्रयोग असें नांव पडलें. गांव, गट क्रमांक आणि शेत हीं यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून निवडावयाचीं. शेताच्या ठराविक कोपऱ्यापासून ठरलेलीं पावलें टाकून खुंटी ठोकावयाची. दोरी लावून चौकोन आंखावयाचा. त्यांतील पीक कापून, मळून, वाळवून तोलावयाचें. कित्येक पिकांसाठीं हा चौकोन पांच मीटर लांब आणि पांच मीटर रुंद असतो.

या पद्धतींतील एक बारकावा मला फार शिकविणारा वाटतो. चौकोन केवढा असावा याविषयीं महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यांत मोठा वाद झाला. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण ते झटपट कापून होतात. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकांत असें दाखविलें कीं, तुकडा लहान घेतला म्हणजे उत्पन्न खऱ्याहून अधिक भरतें. कारण अगदीं मानवी आहे. दोरीच्या रेषेवर जें ताट उभें असतें, तें आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. तुकडा लहान असला म्हणजे त्याच्या मानानें कड मोठी, आणि कड मोठी म्हणजे चूकही मोठी. कोणी लबाडी केलेली नसते, तरी आंकडा फुगतो. आणि विम्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर फुगलेला आंकडा म्हणजे शेतकऱ्याची बुडालेली भरपाई.

आतां विम्याकडे येऊं. पावसावर विमा उतरवावा अशी योजना म्हैसूर संस्थानांत जे. एस. चक्रवर्ती यांनीं पुस्तकरूपानें १९२० सालींच मांडली होती. परंतु ती कागदावर राहिली. प्रत्यक्ष प्रयोग १९७२ सालीं गुजरातमध्यें संकर-४ या कापसावर झाला, आणि पुढें तो महाराष्ट्रासह आणखी कांहीं राज्यांत गेला. त्यांत प्रत्येक शेताचें नुकसान वेगळें ठरविलें जाई. १९७८-७९ पर्यंत त्या योजनेखालीं अवघे ३,११० शेतकरी आले. हप्त्यापोटीं ४.५४ लाख रुपये जमले आणि भरपाईपोटीं ३७.८८ लाख रुपये गेले. दारोदार जाऊन प्रत्येक शेताचें नुकसान ठरविणें हें लाखों लहान खातेदारांच्या देशांत चालणारें काम नव्हे, हें त्यावरून उघड झालें.

यांतून वाट काढली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर यांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, शेताचें नुकसान ठरवूं नका, टापूचें ठरवा. टापूंत काहीं ठिकाणीं पीक-कापणी प्रयोग करा, सरासरी काढा, आणि ती नेहमीच्या उत्पन्नाहून जितकी कमी असेल तितक्या प्रमाणांत त्या टापूंतील सर्व विमेदारांना भरपाई द्या. असें केलें म्हणजे मुद्दाम शेताकडे दुर्लक्ष करून भरपाई उपटण्याची सोय राहत नाहीं, आणि घरोघर तपासनीस धाडावा लागत नाहीं. १९७९ ची प्रायोगिक योजना आणि १९८५ ची व्यापक पीकविमा योजना या विचारावर उभ्या राहिल्या. आजची, २०१६ सालीं सुरू झालेली प्रधानमंत्री पीकविमा योजनाही त्याच पायावर उभी आहे. या मार्गाला एक किंमत मात्र होती. साऱ्या टापूंत पीक बरें आलें आणि एकट्या गणपतरावांच्या शेतांत ओढ्याचें पाणी शिरलें, तर या हिशेबांत गणपतराव बसत नाहींत. एकट्याचें दुःख सरासरींत विरून जातें. टापूवारीचा हा दोष तिच्या स्वभावांतच आहे, आणि व्यवहार साधण्यासाठीं तो पत्करावा लागला.

श्रोत्यांपैकीं ज्यांना आंकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठीं हिशेब सांगतों. मागील सात वर्षांतील उत्तम पांच वर्षांची सरासरी काढून तिच्यावर जोखमीची ठरलेली टक्केवारी लावली म्हणजे उंबरठा उत्पादन मिळतें. समजा, तें हेक्टरीं १० क्विंटल आहे, विम्याची रक्कम ५०,००० रुपये आहे आणि यंदा प्रयोगांवरून उत्पन्न ७ क्विंटल ठरलें. तूट तीन दशांश. म्हणून भरपाई १५,००० रुपये. आतां कडेचीं ताटें आंत ओढलीं गेल्यामुळें तेंच उत्पन्न साडेसात क्विंटल भरलें असें धरा. भरपाई १२,५०० वर येते. अर्ध्या क्विंटलाची चूक, आणि ती एकाची नव्हे. त्या मंडळांतील हजारों घरांतून हेक्टरीं अडीच-अडीच हजार रुपये नाहींसे होतात.

असा एक प्रयोग मीं स्वतः पाहिला आहे. १९९० च्या सुमाराची गोष्ट. दसरा जवळ आला होता, बाजरी कापणीला आली होती. तलाठी आणि ग्रामसेवक फीत, खुंट्या, दोरी आणि कोष्टकांचें पुस्तक घेऊन आले, आणि वजनाचा आंकडा वाचावयाला कोणी जाणता हवा म्हणून मला शाळेंतून बोलावून नेलें. अंक निघाला तो एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हलक्या रानाचा. तो म्हणाला, "मास्तर, गांवांत एवढीं भारी रानं सोडून माझ्याच कपाळीं हें कां आलं?" चौकोन पडला तोही नेमका विरळ जागीं. जमलेल्यांपैकीं एकानें सुचविलें, "भाऊसाहेब, दोन पावलं पुढं सरका, तिथं कणसं बरीं आहेत." तलाठी हंसले आणि म्हणाले, "अहो, पावलं माझीं नाहींत, पुस्तकाचीं आहेत." कापणारा गडी दोरीवरचें एक टपोरें कणीस आंत घेऊं लागला, तेव्हां त्यांनीं त्याचा हात धरला. दाणे वाळवून पुन्हां तोलले, मीं आंकडा मोठ्यानें वाचला, म्हाताऱ्यानें अंगठा उठविला. आंकडा कमीच होता. परंतु त्यावर कोणीही तक्रार केली नाहीं. सर्वांच्या डोळ्यांदेखत तो जन्माला आला होता. पाटलाच्या नजरेला जी साक्ष नव्हती, ती या तराजूला होती.

हा तराजू पुढें थकूं लागला. पूर्वीं तालुका हा टापू असे. तो लहान करीत महसूल मंडळापर्यंत आणि प्रमुख पिकांसाठीं गांवापर्यंत आणावा असें धोरण ठरलें. न्यायाच्या दृष्टीनें तें बरोबरच होतें, कारण टापू जितका लहान तितकी सरासरी खरी. पण मंडळाला दहा आणि गांवाला चार प्रयोग असा हिशेब घातला, तर एका हंगामांत देशभर लाखों प्रयोग होतात, आणि तेही कापणीच्या दोन-चार आठवड्यांत. माणसें तितकींच आणि काम कित्येक पट. मग घाई आली; कोठें प्रयोग कचेरींत बसून भरले गेल्याचे आरोप झाले; कोठें शेतकऱ्यांनीं आंकडा कमी लावा म्हणून, तर कोठें कंपनीच्या माणसांनीं तो वाढवा म्हणून दडपण आणल्याच्या तक्रारी आल्या. प्रयोगाचें ठिकाण, वेळ आणि छायाचित्र मोबाइलवर नोंदवून घेण्याची तजवीज झाली. तरीही दावे महिनोन् महिने रेंगाळत राहिले.

याच ठिकाणीं यंत्राचा प्रवेश होतो. युरोपच्या अंतराळ संस्थेनें २०१४ आणि २०१५ सालांपासून सोडलेले सेंटिनेल नांवाचे उपग्रह थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें आपल्या रानांवरून जातात. निरोगी पान तांबडा प्रकाश गिळतें आणि डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडील प्रकाश परत फेंकतें. रोगट किंवा सुकलेलें पान तसें करीत नाहीं. या फरकावरून पिकाची प्रकृति कळते. खरिपांत आकाश ढगांनीं झांकलेलें असतें, त्या वेळीं ढगांतून पार जाणाऱ्या रेडिओलहरींचा उपयोग होतो. हीं चित्रें, पावसाचे आणि उष्णतेचे आंकडे, आणि त्यांच्या जोडीला पूर्वीं कापून तोललेल्या हजारों चौकोनांचीं वजनें यंत्रापुढें ठेवितात. यंत्र तीं पुनः पुन्हां ताडून पाहतें, आणि अमुक रंग, अमुक पाऊस, अमुक तारीख असली म्हणजे अमुक वजन भरतें असा संबंध आपला आपण बांधतें. मग जें शेत कोणीं कापलेलें नाहीं त्याचेंही उत्पन्न तें सांगूं लागतें. दिल्लींतील ज्या राष्ट्रीय पीक-अनुमान केंद्राकडे या कामाची धुरा आहे त्याला महालनोबिस यांचेंच नांव दिलेलें आहे. २०२३ सालापासून भात आणि गहूं या पिकांच्या विमा-उत्पन्नांत अशा यंत्रानुमानाला निदान ३० टक्के वजन द्यावें असा केंद्राचा नियम झाला. २०२५ मध्यें पिकांचीं छायाचित्रें हंगामांत वरचेवर घेऊन तीं यंत्राकडून तपासण्याचा उपक्रमही हातीं घेण्यांत आला. त्याच वर्षीं महाराष्ट्रानें एक रुपयांत विमा ही २०२३ पासूनची सवलत बंद केली, आणि भरपाई मुख्यतः पीक-कापणीवरून निघणाऱ्या उत्पन्नावरच टेकविली. म्हणजे मापाचें महत्त्व पूर्वींपेक्षां वाढलें आहे.

यंत्राला त्याचें श्रेय मोकळ्या मनानें दिलें पाहिजे. तें थकत नाहीं. त्याला पाहुणचार लागत नाहीं. त्यावर गांवच्या पुढाऱ्याचें वजन पडत नाहीं. एकच छायाचित्र दोन शेतांच्या नांवें लावलें, किंवा प्रयोगाची जागा नकाशावर भलतीकडेच निघाली, तर तें क्षणांत दाखवूं शकतें. आणि सर्वांत मोठी आशा अशी कीं, १९७९ सालीं व्यवहारासाठीं जो एकटा गणपतराव आपण हिशेबाबाहेर ठेवला, त्याला पुन्हां हिशेबांत घेण्याचें सामर्थ्य या साधनांत कदाचित् एके दिवशीं येईल. नजर आणि तराजू या दोघांनाही तें जमलें नव्हतें.

परंतु त्याच्या मर्यादाही शेतांतच दिसतात. उपग्रहाच्या चित्रांतील एक ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. ज्याचें सारें रान वीस गुंठे, त्यांतही बांधावर झाडें आणि सोयाबीनच्या ओळींत तूर, त्याचें शेत या यंत्राला वीस ठिपक्यांचें दिसतें, आणि कडेचे ठिपके शेजाऱ्याच्या रानाशीं मिसळलेले असतात. सुखात्मे यांना छळणारा कडेचा प्रश्न येथें नव्या वेषांत पुन्हां उभा राहिला आहे. दुसरें असें कीं, आकाशांतून पान दिसतें, दाणा दिसत नाहीं. दाणे भरण्याच्या वेळीं पावसानें ओढ दिली आणि शेंगा पोकळ राहिल्या, तरी वरून पीक हिरवें दिसूं शकतें. जुना पाटील कणीस चोळून पाही, तें उगीच नव्हे.

यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट तिसरी, आणि ती मास्तर म्हणून मला चट्कन् समजली. हें यंत्र म्हणजे एक विद्यार्थी आहे. त्याचा शिक्षक कोण? तो तलाठी, तो ग्रामसेवक, दोरीवरचें कणीस बाहेर ठेवणारा तो हात. जे चौकोन माणसांनीं कापले, तेच यंत्राचे धडे. धडे खोटे असले, तर विद्यार्थी खोटेंच शिकेल, आणि तेंही मोठ्या आत्मविश्वासानें. कचेरींत बसून भरलेला आंकडा पूर्वीं एका मंडळाचें नुकसान करी. आतां तो यंत्राच्या शिकवणींत शिरून ज्या गांवांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं त्यांचेंही करील. आडांत नसेल तें पोहऱ्यांत कोठून येणार?

आणि म्हणूनच एका विचाराची मला भीति वाटते. तो विचार असा कीं, यंत्र आलें, आतां कापणी-प्रयोगांचा खटाटोप हळूहळू बंद करावा. खर्च वांचेल, वेळ वांचेल, माणसें वांचतील. हा हिशेब वरवर चोख दिसतो. पण वर्गांतील मुलानें गेल्या वर्षींचीं उत्तरें पाठ केलीं, म्हणून यंदाची परीक्षाच रद्द करावी, असें कोणी म्हणेल काय? बियाणें बदलतें, रोग बदलतात, पावसाचे महिने बदलतात. यंदाच्या शेतांत यंदा कापलेला चौकोनच यंत्राला सांगूं शकतो कीं, बाबा, तुझें उत्तर चुकलें. प्रयोगांची संख्या कमी झाली तरी चालेल. जे उरतील ते मात्र पूर्वींपेक्षां शतपट चोख हवेत, आणि त्यांतील कांहींचीं वजनें यंत्राला अगोदर न दाखवितां केवळ त्याची परीक्षा घेण्यासाठीं राखून ठेवावयास हवींत.

तेव्हां या कामांतील माणसाचें कौशल्य संपलें असें नाहीं; त्याची जागा बदलली आहे. आंकडे उतरविणें, बेरजा करणें, तक्ते भरणें हें काम यंत्राकडे जाईल, आणि तें गेल्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. त्याऐवजीं तीन गोष्टी शिकाव्या लागतील. पहिली, दोरीचा प्रामाणिकपणा. कारण थोड्या चौकोनांवर आतां पुष्कळांचें भवितव्य टेकलें आहे. दुसरी, शंका घेण्याची कला. यंत्र सांगतें एक आणि शेत दिसतें दुसरें, अशा वेळीं शेताकडे जाऊन शेंग फोडून पाहण्याची बुद्धि ज्याला होते, तोच उद्यांचा खरा पाहणीदार. तिसरी, समजावून सांगण्याची. ही शेवटची मला सर्वांत अवघड वाटते. त्या म्हाताऱ्यानें विचारलें, माझ्याच कपाळीं हें कां आलं, आणि तलाठ्यानें कोष्टकाचें पुस्तक दाखविलें. उद्यां त्याचा नातू विचारील, आमच्या मंडळाचें उत्पन्न साडेसात कसें लागलें? त्याला 'यंत्रानें सांगितलें' एवढेंच उत्तर मिळालें, तर आपण शंभर वर्षें चालून पुन्हां खेड्याच्या बांधावर येऊन उभे राहिलों असें होईल. तेथेंही उत्तर एवढेंच होतें, 'साहेबांनीं सांगितलें.'

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना वाटेल, या बाजरीच्या चौकोनाशीं आपलें काय नातें? नातें आहे. या योजनेंत शेतकरी खरिपाच्या अन्नपिकासाठीं दोन टक्क्यांहून अधिक हप्ता देत नाहीं. बाकीचा मोठा भाग तुमच्या-माझ्या करांतून जातो. शिवाय मोटारीचा आणि रुग्णालयाचा दावाही आज-ना-उद्यां याच वाटेनें जावयाचा आहे. शेतांत जो न्याय आपण मान्य करूं, तोच आपल्या दारीं येईल.

सारांश, नजरेजवळ अनुभव होता पण साक्ष नव्हती. तराजूजवळ साक्ष होती पण वेग नव्हता. यंत्राजवळ वेग आहे. त्याला साक्ष द्यावयाची कीं नाहीं, हें अजून आपल्या हातीं आहे. ती द्यावयाची तर उपाय जुनाच आहे. दर हंगामांत, दर मंडळांत, निदान कांहीं चौकोन गांवासमक्ष कापले जावेत, आणि तेथें काट्याचा आंकडा व यंत्राचा आंकडा एकामागून एक मोठ्यानें वाचून दाखविले जावेत. दोन्ही जुळले तर यंत्राचा मान वाढेल. न जुळले तर चूक कोठें आहे हें शोधण्याची सुरुवात शेतांतच होईल. वाचणारा मास्तर कोणत्याही गांवांत मिळेल.